उजव्या खांद्यामागची पट्टी

सदाशिवराव कडूंच्या मते गुन्हा कुठलाही असो, शोधत गेलं की शेवटी सासूच सापडते. मारेगावकडची कपाशी भाच्याच्या हवाली करून ते यवतमाळच्या घरात राहायला आले आणि खालच्या दोन खोल्या त्यांनी सत्यशीला मानकर नावाच्या बाईंना भाड्याने दिल्या. बाईंनी दारावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली, तेव्हापासून रावांचं हे मत पक्कं होत गेलं. बाई आधी विमा कंपनीत दावे तपासायच्या. राव त्यांच्या मदतीला आपली जुनी गाडी आणि आपली मतं, दोन्ही फुकट पुरवत. बाई गाडी वापरत.

मे महिन्यातली दुपार होती. राव बाईंच्या कूलरसमोर बसून टरबूज कापत होते. तेवढ्यात दारात एक तिशीतली मुलगी येऊन उभी राहिली. चेहरा उन्हाने लाल झालेला, हातावर पांढरा कोट.

"सत्यशीलाताई तुम्हीच ना? मी ममता राठोड. नर्स हावो. पोलीस मले आज-उद्या धरून नेतील."

"आधी बसा, पाणी प्या," बाई म्हणाल्या. "काय केलंत?"

"काहीच नाही केलं. म्हून तं आली."

ममताने सांगितलं ते असं. महागावला एका संस्थेचा अभ्यास चालू होता. कॅन्सरच्या रुग्णाच्या वेदना त्याच्या घरीच, खेड्यात, तांड्यावर कशा आवरता येतील, हे त्यात तपासायचं होतं. काही रुग्णांना मॉर्फिनचं पातळ औषध दिवसातून अनेकदा पाजत. काहींच्या अंगावर औषधाची पट्टी चिकटवत आणि दर तिसऱ्या दिवशी बदलत. पट्टीतलं औषध कातडीतून हळूहळू आत उतरतं. दोन्हींत कशाने माणूस जास्त सुखाने राहतो, ते पाहायचं. ममता तांड्यांवरचे रुग्ण सांभाळायची, कारण ती स्वतः बंजारा होती आणि म्हाताऱ्या बायांशी त्यांच्याच बोलीत बोलायची.

"आमच्या तांड्यावर लालीबाई हायेत. जबड्याचा कॅन्सर. आधी रात्र रात्र ओरडायच्या. पट्टी सुरू झाली अन् परत गोष्टी सांगायले लागल्या. त्यांच्या नातीचं, रंजिताचं लग्न होतं परवा. पोरीची आई लहानपणीच गेली, लालीबाईनंच वाढवलं तिले. सांजच्याला पोरगी सासरी गेली, मारेगावकडं. सकाळी पोरगी उठेचना. श्वास नावालेच. दवाखान्यात नेलं तं तिच्या पाठीवर पट्टी सापडली."

"औषधाची?"

"हो. पट्टीवर रुग्णाचा नंबर छापेल असते. लालीबाईचा नंबर." ममताने ओठ चावला. "डॉक्टरनं उलटं इंजेक्शन देलं म्हून वाचली. आपला हात पोचत नाही अशा जागी पट्टी होती. म्हणजे कोणीतरी लावली. लालीबाईची पट्टी त्या दिवशी मीच बदललती. पोरीले कपडेही मीच घालून देले. अन्…"

"अन् काय?"

"नवरदेव जीवन. दोन वर्षांआधी त्याचं माह्याशी जुळलं होतं. मोडलं."

रावांनी टरबुजाची फोड खाली ठेवली. एवढी वाईट बाजू घेऊन आलेला अशील त्यांनी पाहिला नव्हता.

"परवा पुण्याहून समिती येते," ममता म्हणाली. "अभ्यास बंद करतो म्हणतात. पोलिसांनी औषधाच्या कपाटाले सील ठोकलं. माह्यं जे व्हायचं ते होईन, ताई. पण लालीबाई परत ओरडून राह्यली."

सत्यशीलाबाई उठल्या. "काका, गाडी काढा."

"सासूच असन," राव चपला घालता घालता म्हणाले.

*

यावेळी सासू खरोखरच होती. रंजिताला वणीहून यवतमाळच्या दवाखान्यात हलवलं होतं आणि तिच्या खाटेशी नंदाबाई, म्हणजे नवरदेवाची आई, पदराने वारा घालत बसली होती. जीवन खिडकीशी उभा होता. ममताला दारात पाहताच त्याने मान फिरवली.

"आम्ही कायले इख देऊ व बाई?" नंदाबाई न विचारताच सुरू झाली. "हौसेनं सून आणली, अन् लोक म्हणतात सासूनंच केलं! पोलिसही माह्याकडंच पाहून राह्यले होते आधी."

राव एकदम छताकडे बघायला लागले.

"तुमच्या घरी उतरली तेव्हा बरी होती का?" बाईंनी विचारलं.

"कायची बरी! गाडीतच मुंडकं टाकून बसली होती. दोनदा ओकली. मी म्हटलं, गाडी लागली असन, लांबचा रस्ता. तसाही निघाले उशीरच झाला. तिकडच्या बाया गळ्यात पडून रडून राह्यल्या, रडून राह्यल्या, डायवर हॉर्न वाजवू वाजवू थकला. घरी आल्याबरोबर पोरगी झोपली. मी म्हटलं, झोपू द्या बापा, थकली असन. कोणाले जवळ जाऊ नाही देलं. जीवनलेही नाही."

रंजिता उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला, हातावरची मेंदी अजून ताजी.

"पाठीला कोणी काही लावल्याचं आठवतं?"

"नाही. दिवसभर कोणी ना कोणी अंगाले हात लावूनच होतं. हळद, तेल, कपडे. पट्टी एवढी पातळ, काचेवानी. समजणार कसं?" तिचे डोळे भरले. "ममतादीनं नाही केलं, बाई. मी नर्सिंगले जावं म्हणून तेच माह्या बाबाशी भांडली. माह्यी याडी कशी हाय? तिले मी अशी झाली हे सांगतलं का?"

लालीबाईला ती आजी म्हणत नसे. याडी म्हणे, म्हणजे आई.

पट्टी काढण्याआधी दवाखान्याने फोटो घेतला होता. बाईंनी तो मोठा करून पाहिला. उजव्या खांद्याच्या मागे, मानेच्या जरा खाली, एक पारदर्शक चौकोन. तिरका. एक कोपरा आत दुमडून स्वतःलाच चिकटलेला.

"काका, काय दिसतं?"

"पट्टी दिसते."

"कशी लावलीय?"

"वाकडी," राव म्हणाले. "घाईत लावली असन. गुन्हेगार घाईतच असते."

बाईंनी ममताकडे पाहिलं. "पोरीला कपडे घातले तेव्हा पाठ कशी होती?"

"कोरी. हळद वाळून चिकटली होती ते मी ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली, मंग काचळीच्या दोऱ्या बांधल्या." मग रावांना कळावं म्हणून ती म्हणाली, "आमची जुन्या पद्धतीची चोळी, काका. पाठीले कापड नसते, दोऱ्याच असतात. लग्नात रंजिताले तेच घालायची होती, याडीची."

"त्यानंतर ती एकटी होती?"

"एक मिनिट नाही. बायांच्या गराड्यातच होती."

*

महागावच्या केंद्रात डॉक्टर ऋतिक पाठारे भेटले. पुण्याचे, तरुण, हुशार, आणि दोन रात्री न झोपल्यासारखे. बोलताना टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

"मला ममतावर संशय घ्यायचा नाही, मॅडम. पण दुसरं स्पष्टीकरण द्या ना. पट्टी लालीबाईंची. ती त्यांच्या अंगावरून निघाली आणि एका निरोगी मुलीच्या पाठीवर चिकटली. लालीबाईंना त्या औषधाची सवय आहे. त्या मुलीला नाही. तिच्यासाठी ते विषच."

"पट्टी लावल्यावर किती वेळात असर होतो?"

"लगेच नाही. औषध आधी कातडीत साठतं, मग रक्तात जातं. मळमळ, गुंगी काही तासांनी. श्वास मंदावण्याइतकं व्हायला रात्र जाते."

"म्हणजे सकाळी सासरी कोणी लावली असेल तर?"

"शक्य नाही. आदल्या संध्याकाळीच लागलेली असणार. मुलगी निघायच्या सुमारास."

रावांच्या चेहऱ्यावरचं तेज गेलं. सासू सुटली होती.

"लालीबाईंना पट्टी कुठे लावता?"

"छातीवर, गळ्याच्या हाडाखाली. पट्टीला पाठ, दंड, कुठलीही सपाट जागा चालते. पण अभ्यासात सगळ्यांची जागा एकच हवी, म्हणून नियम छातीचा. कडा सुटायला लागल्या तर कागदी चिकटपट्टी मारायची. ममताला सगळं शिकवलंय."

"नियमातच लावायचीस ना ग, ममता?" बाईंनी सहज विचारलं.

"हो," ममता म्हणाली. ती जमिनीकडे पाहत होती.

बाई उठल्या. गाडीत बसल्यावर राव हळूच म्हणाले, "पोरगी खाली पाहून बोलली."

"पाहिलं मी."

"मंग?"

"मग काही नाही. खाली पाहणारा प्रत्येक माणूस खुनी असता तर तुमचा भाचा कपाशीचा हिशोब देताना केव्हाच फासावर गेला असता."

*

तांडा महागावपासून जवळच होता. लग्नाचा मांडव अजून उतरवलेला नव्हता. रंजिताचा बाप खेमसिंग आंब्याच्या डहाळ्या वाळलेल्या त्या मांडवाखाली डोक्याला हात लावून बसला होता. आतून आवाज येत होता. ओरडणं नव्हतं ते. माणूस ओरडून थकल्यावर जो एकसारखा कण्हतो, तो आवाज. राव दारातच थबकले.

लालीबाई खाटेवर कुशीला पडली होती. भोवती चार म्हाताऱ्या. त्यांचे हात मनगटापासून दंडापर्यंत चुड्यांनी भरलेले, हलले की खळखळायचे. लालीबाईचे दंड मात्र मोकळे होते. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी चुड्याच्या जागची कातडी अजून फिकी दिसत होती. काचळीच्या छातीवर आरसे आणि जुनी नाणी दाट शिवलेली होती, श्वासासरशी ती एकमेकांवर घासत होती.

"छोरी कशी हाय?" तिने पहिलं हेच विचारलं.

"बरी आहे. उठून बसली. तुमचंच विचारत होती."

म्हातारीने डोळे मिटले. सत्यशीलाबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि तिचा डावा हात हातात घेऊन कुरवाळत राहिल्या. राव उशाशी उभे होते. म्हातारीच्या कोपराच्या वर, आतल्या बाजूला, मळाची एक चिकट चौकट त्यांना दिसली. घरात एवढं दुखणं, बिचारीला कोण न्हाऊ घालणार, असं त्यांच्या मनात आलं.

"दुखणं परत केव्हापासून सुरू झालं, आजी? कपाटाला सील लागलं तेव्हापासून?"

"नाही. छोरी गेली त्याच राती. मले वाटलं, पोरगी गेली म्हून दुखते." तिने दम घेतला. "ममताले काही करू देऊ नका. माह्या पोटची नाही, पण तिच्याच हातच्या औषधानं मी झोपली."

बाहेर आल्यावर रावांनी उपरण्याने डोळे पुसले. त्यांना लाज वाटली नाही. अशा वेळी ज्याचे डोळे कोरडे राहतात त्याच्याशी आपलं जमत नाही, असं त्यांनी बाईंना उघडच सांगितलं.

मांडवाच्या खांबाला टेकून खेमसिंगचा पुतण्या शाम उभा होता. पंचविशीचा, रागीट. लग्नात त्याने जीवनशी वाद घातला होता, हे तांड्यावर सगळ्यांना माहीत होतं.

"घातला," तो म्हणाला. "रंजिताले शिकायचं होतं. जीवनले म्हटलं, नाव टाकून दे तिचं कॉलेजात, नाही तं पाय तोडीन. तो हो म्हणाला. म्हून काय मी बहिणीले मारू?"

"आजीच्या जवळ कोण कोण गेलं होतं त्या दिवशी?"

"सारेच. हळदीच्या दिवशी बायांनी नवरीबरोबर आजीलेही माखलं, हळद अन् तेल. लग्नाच्या दिवशी परत तेल चोपडलं, कोणी ऐकते का? निघायच्या वेळी मीच तिले उचलून मांडवात आणलं. हात असे घसरून राह्यले होते, पडता पडता वाचली."

"आणि परत?"

"परतही मीच नेलं. तवा ते अर्धी मेल्यावानी झाली होती रडू रडू."

राव बाईंच्या कानाशी आले. "उचलताना पट्टी यानंच काढली. पोरगी शिकत नाही म्हून रागात…"

"काका, रागात माणूस ज्याच्यावर राग असतो त्याला मारतो. जीवन धडधाकट उभा आहे."

"मंग कोण राह्यलं? ममताच राह्यली."

"ममता शिकलेली नर्स आहे. तिने पट्टी लावली असती तर कशी लावली असती?"

राव विचारात पडले. बाई मात्र फोनवर डॉक्टरांशी बोलत होत्या. उद्या सकाळी रंजिताला दवाखान्यातून सोडतील. तिला आधी तांड्यावर आणा, सासूला आणि जीवनलाही. फौजदारांना सांगा, कोणाला धरायचं ते इथेच ठरेल. आणि येताना कोरी पट्टी आणि पातळ औषध घेऊन या.

"सील आहे, मॅडम."

"फौजदार बरोबरच असतील ना. ते तोडतील."

*

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत मांडवाखाली सगळे जमले. डॉक्टर, फौजदार, खेमसिंग, शाम, तांड्याच्या बाया. ममता एका बाजूला उभी होती आणि फौजदारांचा शिपाई तिच्यापासून दोन हातांवर. बाई मात्र आत लालीबाईच्या खोलीत होत्या. राव डोकावले तर बाई वाटीत हळद कालवत होत्या.

"आता कायची हळद?" रावांनी विचारलं.

"तुम्ही बाहेर जा, आणि डोळे उघडे ठेवा."

तेवढ्यात गाडी आली. रंजिता उतरली. अंगात फिका पांढरा पंजाबी ड्रेस, चाल अजून हळू. शामने लालीबाईला उचलून मांडवातल्या खाटेवर आणून बसवलं.

रंजिताने तिला पाहिलं आणि पुढचं कोणाला सांगावं लागलं नाही. पोरगी धावली. म्हातारीने दोन्ही हात वर केले, पोरीच्या गळ्यात टाकले आणि तिला उराशी ओढून घेतलं. मग दोघींनी रडायला सुरुवात केली. ते नुसतं रडणं नव्हतं, त्याला चाल होती, शब्द होते. एकीचं कडवं संपायच्या आत दुसरी उचलत होती. म्हातारीचा हात पोरीच्या खांद्यावरून मागे गेला होता आणि प्रत्येक ओळीला ती तिला डोलवत होती, दाबत होती. बाकीच्या बायांनी पदर डोळ्याला लावला. डॉक्टरांनी आधी कौतुकाने पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. फौजदार खाकरले. रडणं चालूच होतं.

ते थांबलं तेव्हा डॉक्टरांच्या कपाळाला घाम आला होता.

"रंजिता," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "जरा यांच्याकडे पाठ कर बरं."

पोरीने पाठ केली. पांढऱ्या कापडावर, उजव्या खांद्याच्या मागे, मानेच्या जरा खाली, हळदीचा पिवळा चौकोन उमटला होता. तिरका.

डॉक्टरांनी खिशातून फोन काढला, फोटो पाहिला, पुन्हा पाठीकडे पाहिलं.

"म्हणजे?" फौजदार म्हणाले.

"म्हणजे गुन्हेगार सापडला, साहेब. त्याला धरता येणार नाही, कारण आत्ताच आपण सगळ्यांनी त्याला पाहिलं आणि कोणाला काही वाईट वाटलं नाही." बाई खाटेच्या कडेला बसल्या. "आता नीट सांगते. पट्टी चोरली कोणी आणि लावली कोणी, असं सगळे विचारत होते. मी फोटो पाहिला आणि मला वाटलं, ही लावलेलीच नाही. कोपरा आत दुमडून स्वतःला चिकटलेला. पट्टी लावणारा माणूस, चांगला असो की वाईट, ती तळव्याने दाबून सपाट करतो. औषध आत जावं असं ज्याला वाटतं तो तर नक्कीच. नर्सच्या हातून असं काम झोपेतही होणार नाही. ही कुठून तरी सुटून आली आणि जशी पडली तशी चिकटली."

"पण केव्हा?" राव म्हणाले. आपण विचारलं नाही तर हे कोणी विचारणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

"ते डॉक्टरांनीच सांगितलं. औषधाला वेळ लागतो. नंदाबाई म्हणाल्या, पोरगी गाडीतच ओकत होती, मान टाकून बसली होती. ती गाडी लागली नव्हती, औषध लागलं होतं. म्हणजे पट्टी गाडीत बसायच्या आधीची. ममताने दोऱ्या बांधल्या तेव्हा पाठ कोरी होती. त्याच्या मधे राहिलं काय? निरोप. नंदाबाई, तुम्ही चिडून म्हणालात, बाया गळ्यात पडून रडत राहिल्या, डायवर हॉर्न वाजवून थकला."

"मी आपली रागानं बोलली व," नंदाबाई म्हणाली.

"फार उपयोगाचं बोललात. आमच्याकडे पोरगी निघाली की पाया पडते, डोळे पुसते, गाडीत बसते. तुमच्याकडे ती एकेकीच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, रडत रडत निरोपाचं गाणं गाते. आत्ता पाहिलं तसं, घट्ट, अन् बराच वेळ. तिथे पट्टीला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला पुरेसा वेळ असतो."

डॉक्टर भानावर आले. "अशी प्रकरणं घडलेली आहेत, मी वाचलंय. पण एका अंथरुणात झोपणाऱ्या माणसांत. आणि मॅडम, पट्टी छातीवर होती. छातीवरची पट्टी दुसऱ्याच्या पाठीवर कशी जाईल? म्हणूनच तर मी तो विचार सोडून दिला."

"छातीवर असती तर गेलीच नसती," बाई म्हणाल्या. "ममता, आता सांग."

ममता पुढे आली. ती रडत होती, पण आवाज स्पष्ट होता. "मी लालीबाईले पट्टी दंडावर लावत होती. डाव्या, आतल्या अंगाले. सर, काचळीवर हे नाणे, आरसे. छातीवरची पट्टी दिवसभर टिकत नव्हती, घासून निघायची. बाकीच्या बायांच्या दंडात चुडा असते, तिथं लावता येत नाही. लालीबाईचे दंड मोकळे. तिथं तिले आराम पडला. तुम्हाले सांगतलं असतं तं नियम मोडला म्हून तिले अभ्यासातून काढलं असतं."

"काढलं असतं का, डॉक्टर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला. "कदाचित," ते म्हणाले. "काढलं असतं."

"मला तिने सांगितलं नाही, लालीबाईंच्या दंडाने सांगितलं. पट्टी निघाली की कडेला धूळ बसून जी चौकट राहते, ती तिथे होती. काका, तुम्हीही पाहिली."

"मी… मले वाटलं मळ आहे," राव पुटपुटले.

"डावा दंड. आज हळदही मी त्याच चौकटीवर लावली होती. समोरासमोर गळ्यात पडलं की डावा हात पोरीच्या उजव्या खांद्यावरून मागे जातो. शाम म्हणाला, आजीच्या अंगाला तेल चोपडलं होतं, हात घसरत होते. तेलावर पट्टी टिकत नाही. इकडे रंजिताची पाठ ममताने ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली होती, आणि काचळीला पाठ नाही. एका बाजूला तेलकट कातडी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. पट्टी कुठे जाईल?" बाई थांबल्या. "आणि त्याच रात्री लालीबाईंचं दुखणं परत आलं. कपाटाला सील लागायच्या आधी. त्यांना वाटलं, पोरगी गेली म्हणून दुखतंय. पोरीबरोबर औषधच गेलं होतं."

मग लालीबाईने हाताने खूण करून रंजिताला जवळ बोलावलं.

"मीच मारत होती का व तुले?" ती म्हणाली.

"नाही, याडी." पोरीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "तू तं तुह्यं औषध मले देऊन बसली."

म्हातारी हसली. जबडा दुखत असताना माणूस जसा हसतो तसं, अर्ध्या तोंडाने, पण हसली.

फौजदारांनी टोपी काढली, घातली आणि शिपायाला ममतापासून दूर जायला सांगितलं. कपाटाचं सील आपण स्वतः काढतो, असंही म्हणाले. डॉक्टरांनी समितीला फोन लावला. राव मुद्दाम जवळ जाऊन ऐकत होते. "चूक आमच्या नियमाची आहे," डॉक्टर सांगत होते. "नियम लिहिताना इथल्या बायका काय घालतात, हे आम्ही विचारलंच नाही. नाही, बंद करायचं काही कारण नाही. नियम बदलायचा आहे. आणि तो ममता राठोड लिहिणार आहेत."

पातळ औषध आधी पाजलं. ते लवकर उतरतं. मग ममताने म्हातारीचा डावा दंड साबणाच्या नव्हे, साध्या पाण्याने धुतला, कोरडा केला, नवी पट्टी लावली आणि तळव्याने दाबून धरली. चारी कडांना कागदी चिकटपट्टी मारली. वरून मऊ फडकं बांधलं.

*

उन्हं कलल्यावर रंजिता सासरी निघाली. कण्हण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता. राव नंदाबाईच्या शेजारी उभे होते. दवाखान्यातलं छताकडे बघणं त्यांना आठवत होतं, म्हणून त्यांनी गाडीतलं उरलेलं अर्धं टरबूज तिच्या हातात ठेवलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

लालीबाई खाटेवर ताठ बसली होती. तिने डॉक्टरांना हाक मारली.

"डॉक्टरसाहेब, छोरी निघाली. आता रडू का नको?"

डॉक्टर गोंधळले. त्यांनी ममताकडे पाहिलं.

"रड, याडी," ममता म्हणाली. "मी हावो ना."

ती खाटेवर म्हातारीच्या मागे बसली आणि तिचा फडकं बांधलेला डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बाजूला ठेवला. लालीबाईने उजवा हात पोरीच्या गळ्यात टाकला, तिला उराशी घेतलं आणि ढावलो सुरू केला. आवाज आधी कापरा होता, मग भरत गेला. जबड्यातून शब्द नीट निघत होते. तांड्यावरच्या माणसांनी तिला असं गाताना कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि म्हणून यावेळी डायवरने हॉर्न वाजवला नाही.